गोष्ट सांगायची थांबली तर काय अडेल?

गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. आठवी-नववीच्या मुलांना ग्रंथालयाच्या तासाला जगभरच्या पुराणकथांची ओळख करून द्यायची त्यांची इच्छा. सुरुवात घरापासून करावी म्हणून त्यांनी परशुराम घेतला, तर मागच्या बाकावरून हात वर आला: "बाई, परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला ना, मग भूगोलात जांभा नि ज्वालामुखी कशाला शिकायचा?" वर्ग हसला आणि बाई अडल्या. आता त्या विचारतात, याला काय सांगू? आणि मुळात या कथा असतात तरी कशासाठी?

बाई, आधी त्या मुलाला शाबासकी द्या. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये झेनोफानेस नावाचा तत्त्वज्ञ हीच खोड काढत होता. बैलांना आणि घोड्यांना हात असते, चित्रं काढता आली असती, तर बैलांनी बैलासारखे देव काढले असते आणि घोड्यांनी घोड्यासारखे, असं तो म्हणायचा. शंका काढणारे कायमच होते. तरी कथा टिकल्या. त्या कशाच्या जोरावर टिकल्या, हे शोधलं की तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मिळतं.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली निम्मी सुट्टी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून गावं हिंडण्यात गेली. एवढ्या उठाठेवीतून कामाचं असं एकच हत्यार हाती लागलं. कथा समोर आली की ती खरी की खोटी हे घटकाभर बाजूला ठेवायचं आणि विचारायचं: उद्यापासून ही कुणी सांगितलीच नाही, तर काय अडेल, आणि कुणाचं अडेल? काहीच अडत नसेल तर ती करमणुकीची गोष्ट. कुणाचा मान, एखादं झाड, एखादी बंदी, एखादा सण डळमळीत होत असेल, तर समजायचं की ही कथा कामावर आहे.

शब्दांचा घोळ लवकर उरकतो. पुराणकथा, दैवतकथा, मिथक हे शब्द आपण साधारण एकाच अर्थाने वापरतो; आख्यायिका आणि लोककथा मात्र वेगळ्या ठेवा. विल्यम बॅस्कम या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये केलेली वाटणी वर्गात सोपी जाते. पुराणकथा घडते जग अजून पुरतं घडलेलं नसताना, आणि सांगणाऱ्याला ती पवित्र असते. आख्यायिका घडते आपल्या ओळखीच्या जगात, माणसांच्या बाबतीत. लोककथा खरी आहे असं कुणी म्हणतच नाही. देवगडजवळच्या कुणकेश्वराची गोष्ट मुलांना ठाऊक असेल: वादळात सापडलेल्या परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस बोलला, जीव वाचला आणि देऊळ उभं राहिलं. ही आख्यायिका. परशुरामाची पुराणकथा. आणि आजी सांगायची ती कोल्ह्याची लोककथा. वाटणी काटेकोर नाही. पालखी निघाली की आख्यायिकासुद्धा पवित्र होऊन बसते.

आता परशुराम. मुलांना बाण आणि समुद्र एवढंच माहीत असतं, पण कथेची मेख त्याच्या आधी आहे. परशुरामाने सगळी पृथ्वी जिंकली आणि कश्यपाला दान करून टाकली. दान दिलेल्या जमिनीवर आता राहायचं कसं? कश्यपच त्याला सांगतो, तू इथून नीघ. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्र त्याच्यासाठी जागा करून देतो आणि त्या जागेचं नाव शूर्पारक, म्हणजे आपलं नालासोपारं. कालिदासाने रघुवंशात सह्याद्रीच्या पायथ्याच्या समुद्राला 'रामास्त्रोत्सारित' म्हटलंय, रामाच्या अस्त्राने मागे सारलेला. अस्त्र कुठलं, ते त्या शब्दात नाही. आपल्याकडे तो बाण झाला. गोव्यात तो बाणावलीला पडला. केरळात बाणाचा परशू झाला आणि गोकर्णापासून कन्याकुमारीपर्यंतची जमीन वर आली. किनारा एकच, पण रेघ ओढताना प्रत्येकाने आपलं गाव आत घेतलंय.

या कथेचं काम काय? ही जमीन नवी कोरी आहे, हिच्यावर आधी कुणाचा हक्क नव्हता, हे ती ठसवते. समुद्रातून काढलेल्या जमिनीला जुना सातबारा नसतो. तिथे आधीपासून कुणी मासे मारत असेल, नाचणी पेरत असेल, तर त्याचं काय, हा प्रश्न कथेच्या आत उभाच राहत नाही. म्हणून त्या मुलाला सांगा: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट झाला आणि तो ऊन-पावसात झिजून त्याचा जांभा झाला, हे भूगोल सांगतो. त्या जांभ्यावर कोण कुठल्या हक्काने बसलंय, हे परशुरामाची कथा सांगते. दोन्ही तासांना बस म्हणावं.

ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर जाऊन राहिला होता. तिथली प्रत्येक कुळी सांगायची की आमचे पूर्वज अमुक एका बिळातून जमिनीवर आले, आणि त्या बिळाभोवतीची जमीन त्या कुळीची. पुराणकथा ही सनद असते, असं त्याने १९२६ मध्ये मांडलं. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे कळायला बेटावर जायची गरज नाही. होळीच्या झाडावर पहिला घाव कुणाचा, देवाचे तरंग (सजवलेले खांब) कुणी उचलायचे, गाऱ्हाणं कुणी घालायचं, यावरून गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या रिवाजात, जे तंटे होतात त्यांत कागद संपले की गोष्ट पुढे येते. आमची गाय रोज एका दगडावर पान्हा सोडायची, आमच्या पूर्वजाने कोयती मारली, दगडातून रक्त आलं, म्हणून मान आमचा. या गाईला मी इतक्या गावांत भेटलोय की तिला ओळख दाखवावीशी वाटते.

समुद्रातून जमीन निघाल्याच्या कथा पृथ्वीभर आहेत. न्यूझीलंडच्या माओरींचा माउई आजीच्या जबड्याच्या हाडाचा गळ करून समुद्रातून भलामोठा मासा ओढतो. तो मासा म्हणजे त्या देशाचं उत्तरेकडचं बेट, आणि त्याचं माओरी नाव आजही 'माउईचा मासा' याच अर्थाचं आहे. माउईचे भाऊ हावरट. तो येईपर्यंत न थांबता त्यांनी मासा तोडायला घेतला, म्हणून तिथे डोंगर-दऱ्या झाल्या. वाटणीवरून भावांनी केलेली नासधूस! हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागणार नाही. जपानात इझानागी आणि इझानामी हे जोडपं भाल्याने समुद्र घुसळतं आणि भाल्याच्या टोकावरून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्याचं पहिलं बेट होतं; ही कथा ७१२ साली पूर्ण झालेल्या 'कोजिकी'त आहे. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांत आकाशातून एक बाई पडते, एक छोटासा पाणउंदीर तळाशी बुडी मारून चिमूटभर चिखल आणतो, तो कासवाच्या पाठीवर ठेवतात आणि त्याची जमीन होते. आपला वराह हेच काम सुळ्यावर करतो. कुठे जमीन पकडावी लागते, कुठे घुसळावी लागते, कुठे कुणा बारक्या जीवाने जिवावर उदार होऊन आणावी लागते. आपल्याकडे मात्र ती धाक दाखवून घेतलीय. या फरकावर वर्गात एक अख्खा तास जाईल.

किनाऱ्यावरच्या लोकांच्या उगमकथेत गलबत फुटतंच फुटतं. चित्पावनांची एक कथा किनाऱ्याला लागलेल्या चौदा देहांपासून सुरू होते, परशुराम त्यांना उठवतो. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका वाचल्या, असं ते सांगतात. तिथेही चौदाच. यावरून काही सिद्ध करायला निघालेले बरेच जण मला भेटले, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. मला त्यात एवढंच दिसतं की समुद्राने सगळं काढून घेऊन परत जन्माला घातलं, हे सांगितल्याशिवाय या किनाऱ्यावर 'आम्ही इथले' असं म्हणता येत नसावं. बेने इस्रायलांनी पुढे इथे तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. एलियाहू प्रेषित आपल्यासाठी अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला येऊन गेला, असंही ते सांगतात. तिथल्या कातळावरची खूण त्याच्या रथाची म्हणून दाखवतात. घराण्याची कथा गलबतातून आली, पण तिला जमिनीवर टेकायला इथला कातळच लागला.

आता थोडं माझ्या फजितीचं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. सावंतवाडीपलीकडच्या एका गावात मी देवराईतल्या देवाची कथा टिपायला गेलो. गावचे एक वृद्ध मानकरी बरोबर होते. देवराईच्या कडेला त्यांनी वहाणा काढल्या, मीही काढल्या. आत दुपारीसुद्धा संध्याकाळ. पायाखाली पाल्याचा हातभर थर, आणि डास असे की बोलायला तोंड उघडवेना. मी सहज एक डहाळी मोडली आणि डास वारू लागलो. बाबा चालता चालता थांबले. रागावले नाहीत. माझ्या हातातली डहाळी काढून घेतली, पाषाणाच्या पायाशी ठेवली आणि खालच्या आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, पोर नेणता आसा, चुकला माकला तर संभाळून घे म्हाराजा." मग माझ्याकडे बघत राहिले. दोन क्षणांनी मला कळलं की 'व्हय म्हाराजा' मी म्हणायचंय. म्हटलं. टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं राहून गेलं होतं, हे घरी आल्यावर समजलं.

परत येताना मी शिकल्यासवरल्याचा तो हमखास प्रश्न टाकलाच, "बाबा, तुम्हाला हे खरंच वाटतं?" ते म्हणाले, "माका काय वाटता तां सोड. झाड आसा मा हयसर?"

पुढे मी एरिसिख्थॉनची ग्रीक कथा वाचली तेव्हा मला ती डहाळी आठवली. एरिसिख्थॉन हा थेसलीचा राजपुरुष. धान्याची देवी डिमिटर, तिच्या राईत तो कुऱ्हाडी घेऊन शिरतो. त्याला मेजवान्यांसाठी दालन बांधायचं असतं. देवी पुजारणीच्या रूपात येऊन समजावते, तो तिच्यावरच कुऱ्हाड उगारतो. लॅटिन कवी ओव्हिडच्या कथेत ते झाड ओकचं आहे, नवस फेडलेल्यांनी बांधलेल्या माळांनी आणि पट्ट्यांनी भरलेलं, आणि घाव बसताच त्यातून रक्त येतं. शिक्षा काय, तर भूक. कितीही खाल्लं तरी न शमणारी. तो घरदार खाऊन संपवतो, पोटच्या मुलीला विकतो आणि शेवटी स्वतःलाच खायला लागतो. त्याहून जुन्या मेसोपोटेमियन काव्यात गिल्गमेश देवदाराच्या वनाचा राखणदार हुंबाबा याला मारून झाडं तोडून नेतो, आणि देव रुष्ट होतात. राखणदार हा शब्द कोकणात समजावून सांगावा लागत नाही, हा आपला मोठा फायदा.

देवराईच्या कथेला माझी कसोटी लावून पाहा. जिथे गोष्ट सांगणारी पिढी सरली आणि ऐकणारी मुंबईला गेली, तिथे काय अडलं ते उघड्या डोळ्यांना दिसतं. गंमत अशी की पुष्कळ ठिकाणी झाडं नास्तिकांनी तोडलेली नाहीत. देवळाचा जीर्णोद्धार निघाला, सभामंडप मोठा हवा झाला, मंडप आला नि राई गेली. देवावरची श्रद्धा तशीच होती, फक्त झाडाची गोष्ट तिच्यातून गळून पडली होती.

समुद्राच्या कथांचं काम याच जातीचं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून कोळी नि गाबित श्रावणातल्या पुनवेला नारळ वाहिल्यावर होडी लोटायचे. समुद्र खवळलेला असतो हे कारण होतंच, पण ते पोराबाळांच्या अंगात मुरलं ते नारळामुळे. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची सेडना याहून करडी आहे. बाप तिला होडीतून पाण्यात ढकलतो, ती कडेला धरून राहते तेव्हा तिची बोटं तोडतो, आणि त्या बोटांच्या पेरांचे सील, वॉलरस, देवमासे होतात. ती तळाशी राहते. माणसांनी शिकारीचे नियम मोडले की तिच्या केसांत गुंता होतो, आणि तिला बोटं नाहीत म्हणून तो तिला सोडवता येत नाही. मग ती प्राणी अडवून धरते. अशा वेळी गावचा मांत्रिक ध्यानातून तळाशी उतरतो आणि तिचे केस विंचरतो. देवीचा कोप शांत करायला वेणी घालावी लागते, यापुढे माझं डोकं चालत नाही. मी नुसता नमस्कार करतो.

पुराच्या कथा सगळेच सांगतात, त्यामुळे तिथे सावध राहा. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने मेसोपोटेमियातल्या निनेव्हे या प्राचीन शहरातून आलेल्या मातीच्या पाटीचं वाचन जाहीर केलं. पूर, नाव, आणि कोरडी जमीन शोधायला सोडलेले कबुतर, पाकोळी, कावळा. बायबलातल्या नोहाची गोष्ट त्याआधी दुसऱ्या कुणी दुसऱ्या देवांच्या नावाने सांगितली होती, हे पाहून लोक हादरले. आपला मनू शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुवायच्या पाण्यात इवलासा मासा येतो, मला वाढव म्हणतो, मी तुला तारीन. मुलांना साम्य लगेच दिसतं. तुम्ही त्यांना पुराचं कारण शोधायला लावा. नोहाच्या कथेत माणसं पापी झालीत. अक्कड भाषेतल्या अत्राहासिसच्या कथेत माणसं फार झालीत आणि त्यांच्या कलकलाटाने एन्लिल देवाला झोप लागत नाही. (गणपतीत डीजेशेजारी राहणाऱ्यांना एन्लिल लगेच जवळचा वाटतो.) शतपथात तर कुणाचा काही अपराधच नाही, पूर येतो, आणि ज्याने लहान जीव सांभाळला तो तरतो. पाणी तिन्हीकडे तेच. पण एक कथा शिस्त लावते, दुसरी गर्दीला घाबरते, तिसरी उपकाराची परतफेड सांगते.

काही कथांत खरी आठवण मुरलेली असते, हेही मान्य करायला हवं. इंडोनेशियातल्या सिमेलू बेटावर १९०७ मध्ये त्सुनामी आली. तिची गोष्ट आज्यांनी 'स्मोंग' या शब्दात बांधून ठेवली: धरणी हलली आणि समुद्र ओसरला की मासे वेचत बसू नका, डोंगर गाठा. २६ डिसेंबर २००४ ला बेट भूकंपाच्या केंद्राला अगदी लागून होतं, तरी सुमारे ७८ हजार वस्तीपैकी सातच माणसं गेली. अमेरिकेतले क्लामाथ लोक पाताळाच्या देवाची आणि आकाशाच्या देवाची लढाई सांगतात, डोंगर कोसळून तिथे सरोवर झालं म्हणतात. तिथला माझामा ज्वालामुखी खरोखर फुटून खचला त्याला साडेसात हजारांहून जास्त वर्षं झाली. पण यावरून परशुरामाचा बाण म्हणजे समुद्राची पातळी खाली गेल्याची नोंद, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर थांबा. कथेला विज्ञानाची शाल पांघरली की आपल्याला तिचा मान राखल्यासारखं वाटतं, पण ती जे खरं काम करत होती ते त्या शालीखाली झाकलं जातं.

मुलांना सर्वांत जवळचा वाटेल तो संकासुर. तुमच्याकडे तर शिमग्यात तो दारात येतो, काळा पायघोळ झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं, आणि लहान पोरं आईच्या पदराआड. आमच्या दक्षिणेकडे तो दशावतारात येतो. जत्रेची रात्र, गणपती-सरस्वतीचं आख्यान संपत आलेलं, निम्मे प्रेक्षक चहाला गेलेले, आणि ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा हा असुर मालवणीत भटजीची उलटतपासणी घ्यायला लागतो. लोक धावत परत येतात. वेद चोरणारा खलनायक आणि रात्रीचा सगळ्यात लाडका माणूसही तोच. सरपंचापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत कुणाचीही तो रेवडी उडवतो, कारण शेवटी विष्णू त्याला मारणार हे ठरलेलं आहे. एरवी जे बोलता येत नाही ते बोलायची ही गावाची वार्षिक सोय.

असे चोर जगभर आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर डोंबकावळा पेटीत कोंडलेला उजेड चोरून आकाशात सोडतो. ग्रीकांचा प्रॉमिथ्यूस देवांकडून विस्तव चोरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती लोकांचा अनान्सी हा कोळी, म्हणजे जाळं विणणारा, आकाशदेव न्यामेकडून सगळ्या गोष्टींची मालकी मागतो. किंमत म्हणून अजगर, गांधीलमाश्या आणि बिबट्या पकडून आणायला सांगितलं जातं आणि तो निव्वळ थापा मारून आणतो. उत्तर युरोपातला लोकी आधी देवांना हसवतो आणि मग बाल्डर या देवाचा जीव घेण्यापर्यंत जातो. मुलांना विचारा, या सगळ्यांनी चोरलं ते एरवी कुणाच्या ताब्यात होतं?

सिद्धांतांवर फार वेळ घालवू नका. कुणी म्हणालं, देव म्हणजे मोठे झालेले जुने राजेच. कुणी म्हणालं, पुराणकथा म्हणजे आदिमानवाचं चुकलेलं विज्ञान. मॅक्स म्यूलर या भाषापंडिताला प्रत्येक कथेत सूर्य दिसायचा, तेव्हा एका इरसाल पाद्र्याने १८७० मध्ये त्याच्याच पद्धतीने लेख लिहून मॅक्स म्यूलर नावाचा कुणी माणूस नव्हताच, तोही सूर्यच, असं सिद्ध केलं. युंग या मानसशास्त्रज्ञाला कथांत मनाच्या तळचे साचे दिसले, लेव्ही-स्ट्रॉस या मानववंशशास्त्रज्ञाला उलटसुलट जोड्या: कच्चं-शिजलेलं, रान-गाव. प्रत्येकाच्या हाती थोडं लागलं. एकाच किल्लीने सगळी कुलपं उघडतात असं म्हणणाऱ्याने कुलपं थोडी पाहिलेली असतात, एवढं माझं मत.

माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कथा आणि कृती यांची जोडी. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रातचो गावभर फिरता, म्हणून त्या झिजतात. त्या चपला चांभाराने शिवायच्या, नवस करणाऱ्याने आणायच्या, जुन्या दिसल्या की पोरांना दाखवायच्या. कथा त्या चपलांतून चालते. उत्तर युरोपातल्या थॉर या देवाच्या गोष्टी आपण वाचतो त्यातल्या बऱ्याचशा स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या. तोवर तो देश ख्रिस्ती होऊन दोन शतकं उलटली होती. म्हणजे आपल्यापर्यंत थॉर पोचला, त्याच्या चपला वाटेत राहिल्या.

एकच कथा दोन बाजूंनी ओढली जाते, हेही मुलांना कळू द्या. वामनाने बळीला पाताळात घातलं, आपण वामनाला अवतार म्हणतो आणि त्याच दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' असंही म्हणतो. केरळात ओणमला तोच बळी वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीला कष्टकऱ्यांचा राजा करून अख्खी कथा फिरवली. नरकचतुर्दशीला अंगणात कारीट चिरडताना मुलं नरकासुर मारतात, ते जिभेला लावून तोंड वाकडं करतात, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या असुराचं राज्य मागतात. यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. वाटलं तर तुमचा तास रंगला म्हणून समजा.

वर्गात एवढं पाळा. आपली ती श्रद्धा आणि दुसऱ्यांच्या त्या कल्पना, अशी भाषा नको. माओरी, इनुइट, इरोक्वॉय ही आज जिती माणसं आहेत, त्यांचीही मुलं शाळेत जातात. सुरुवात ग्वाटेमालातल्या माया लोकांच्या गोष्टीने करा: देवांनी माणूस आधी मातीचा केला, तो पाण्यात विरघळला. मग लाकडाचा केला, तो कुणाची आठवण ठेवीना. शेवटी मक्याच्या पिठाचा केला आणि तो जमला. मग विचारा, आपल्याला केलं असतं तर कशाचं? भात, नाचणी, फणस, सुरमई, काय वाट्टेल ते येईल. मुलांना घरून एकेक गोष्ट आणायला सांगा, आणि बरोबर तीन ओळी: कोण सांगतं, केव्हा सांगतं, सांगून झाल्यावर काय करतात. तिसरी ओळ सोडू नका. उत्तर अमेरिकेतले नावाहो लोक कायोटीच्या, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या, गोष्टी हिवाळ्यातच सांगतात. आपलेही कित्येक गाऱ्हाणं घालणारे घरात, नारळाशिवाय म्हणा म्हटलं की चौथ्या वाक्याला अडखळतात. तेव्हा एखादी आजी "आत्ता नको" म्हणाली तर तेही वहीत लिहून आणायला सांगा.

आणि जमलं तर एक सहल काढा. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. बारसूच्या सड्यावर एक माणूस दोन वाघांच्या मधे उभा आहे. दोन जनावरांना दोन्ही हातांनी रोखून धरलेला असाच माणूस मेसोपोटेमियाच्या आणि सिंधूच्या मुद्रांवरही दिसतो, म्हणून लोक भराभर दोरे जोडतात. पण त्या वाघांचं नि त्या माणसाचं काय चाललं होतं हे सांगणारं कुणी उरलं नाही. पांडवांनी एका रात्रीत कोरलं, असं आसपास ऐकायला मिळेल; आपल्याकडे कर्ता सापडेना की पांडव येतात. मुलांना आधी तिथे काहीच सांगू नका. चित्राभोवती गोल बसवा आणि ती काय म्हणतात ते ऐका. सकाळी आठच्या आत पोचा मात्र. दहानंतर जांभा असा तापतो की बसवत नाही, आणि सड्यावर सावलीला एक झाड नाही. पाण्याच्या बाटल्या बरोबर न्या.